घटना १०६ वेळा बदलली म्हणजे नेमकं काय झालं?

एमपीएससीची तयारी करणाऱ्या एका मुलाने मला तीन प्रश्न एकदम विचारले. घटना नक्की लिहिली कुणी, कारण कोणी म्हणतं बाबासाहेबांनी आणि कोणी म्हणतं इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्याची नक्कल आहे. दुसरं, पंचाहत्तर वर्षांत १०६ दुरुस्त्या झाल्या तर मूळ घटना उरलीये तरी किती. आणि तिसरं, उद्या एखाद्या सरकारकडे भरपूर बहुमत आलं तर सगळीच घटना बदलता येईल का. मला हे तिन्ही प्रश्न एकाच धाग्यातले वाटतात, म्हणून उत्तर पण एकत्रच देतो, थोडं लांबेल.

मी तीसेक वर्षं औरंगाबाद बेंचपुढे वकिली करतोय, बऱ्याचशा केसेस भूसंपादनाच्या, आणि शनिवारी एका लॉ कॉलेजात घटना शिकवतो. त्यामुळे माझी घटनेकडे बघायची सुरुवात जरा वेगळ्या पानावरून होते. बेअर अ‍ॅक्ट म्हणजे घटनेचा नुसता मूळ मजकूर छापलेलं पुस्तक उघड आणि कलम ३१ काढ (पुस्तकात त्याला अनुच्छेद म्हणतात, पण कोर्टाच्या आवारात सगळे कलमच म्हणतात). तिथे तुला कलम दिसणारच नाही. चौकटी कंसात फक्त मथळा आहे, मालमत्तेच्या सक्तीच्या संपादनाबद्दलचा, आणि पुढे लिहिलंय की ४४ व्या घटनादुरुस्तीने हे रद्द झालं. पाझर तलावात चार एकर गेलेला माझा अशील वाढीव मोबदल्याच्या केससाठी आला की हमखास विचारतो, साहेब, जमीन माझ्या आज्याची, मग माझा काही मूलभूत हक्क नाही का? मी त्याला सांगतो की १९५० साली होता, १९७९ पासून नाही, आता ३००-ए आहे म्हणजे कायद्याच्या आधाराशिवाय सरकार तुझी जमीन घेऊ शकत नाही पण तो मूलभूत हक्क म्हणून सरळ सुप्रीम कोर्टात नेता येत नाही. त्या एका रिकाम्या कलमात आपल्या घटनादुरुस्तीचा अर्धा इतिहास आहे. तिथपर्यंत येऊच.

आधी लिहिली कुणी.

घटना समिती पहिल्यांदा बसली ९ डिसेंबर १९४६ ला, दिल्लीत. तिचे सभासद लोकांनी थेट निवडलेले नव्हते, प्रांतांच्या विधानसभांनी निवडले होते, साधारण दहा लाख लोकसंख्येमागे एक, आणि त्या विधानसभांना मत द्यायचा हक्क पण तेव्हा सगळ्यांना नव्हता, हे मान्यच केलं पाहिजे. इंग्रज सरकारने पाठवलेल्या कॅबिनेट मिशनच्या योजनेप्रमाणे ३८९ जागा होत्या, फाळणीनंतर २९९ राहिल्या. १३ डिसेंबरला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला आणि लगेच बॅ. मुकुंदराव जयकरांनी उपसूचना आणली की मुस्लिम लीग आणि संस्थानं अजून आलेली नाहीत, त्यांच्यासाठी थांबूया. सभागृहात नाराजी पसरली. १७ डिसेंबरला बाबासाहेब बोलायला उभे राहिले ते जयकरांच्या बाजूने, आणि देश एक राहणार याबद्दल मला शंका नाही पण सगळ्यांना बरोबर घेऊन चालायचं तर शहाणपण दाखवा अशा अर्थाचं ते भाषण होतं. मी विद्यार्थ्यांना ते भाषण आवर्जून वाचायला लावतो.

पुढे काय झालं बघ. बाबासाहेब समितीत आले होते बंगालमधून, कारण मुंबई प्रांतातून निवडून यायला त्यांच्या पक्षाकडे संख्या नव्हती, तिकडे बंगालमधले दलित नेते जोगेंद्रनाथ मंडल यांनी साथ दिली. फाळणी झाली आणि ती जागाच गेली. इकडे जयकरांनी राजीनामा दिलेला होता. राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे प्रीमियर (म्हणजे तेव्हाचे मुख्यमंत्री) बाळासाहेब खेर यांना ३० जून १९४७ ला पत्र लिहिलं की डॉ. आंबेडकर समितीत हवेतच, आणि जुलैत बाबासाहेब जयकरांच्या रिकाम्या जागेवर मुंबईतून निवडून आले. ज्या जयकरांच्या उपसूचनेला त्यांनी बळ दिलं त्यांचीच जागा. २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली आणि दुसऱ्या दिवशी ते तिचे अध्यक्ष झाले.

आता "लिहिली" या शब्दाचा अर्थ नीट लावायला हवा. पहिला कच्चा मसुदा घटना सल्लागार बी. एन. राव यांनी ऑक्टोबर १९४७ मधे केला, २४३ कलमं. मसुदा समितीने तो घोटून फेब्रुवारी १९४८ मधे ३१५ कलमांचा केला आणि तो छापून लोकांपुढे ठेवला, सूचना मागवल्या. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी तो सभागृहात मांडला आणि मग कलमागणिक चर्चा. ७,६३५ उपसूचना आल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडून त्यावर बोललं गेलं. शेवटी ३९५ कलमं आणि ८ परिशिष्टं झाली. मसुदा समिती सात जणांची, पण टी. टी. कृष्णम्माचारींनी ५ नोव्हेंबर १९४८ ला सभागृहातच सांगितलं की एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक परदेशात, कोणी संस्थानांच्या कामात अडकलेलं, कोणी तब्येतीमुळे दिल्लीपासून लांब, आणि सगळं ओझं आंबेडकरांवर पडलं. प्रत्येक उपसूचनेला उत्तर द्यायला उभं राहायचं, ती का घेतली किंवा का नाही घेतली हे सांगायचं, आणि हे सगळं मधुमेह असताना. पण त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राव यांना आणि मसुदालेखक एस. एन. मुखर्जींना मोकळेपणाने श्रेय दिलंय. त्यामुळे "एकट्याने लिहिली" म्हणणारे पण आणि "त्यांनी काहीच केलं नाही" म्हणणारे पण कामकाजाचे खंड न उघडता बोलतात. दुसऱ्या बाजूचं बोलणं मला जास्त लागतं, कारण त्यात अज्ञानापेक्षा आकस जास्त असतो.

नक्कलेचं काय? १९३५ च्या कायद्यातून बरंच आलंय हे खरंच आहे. राज्यपाल, वटहुकूम, राष्ट्रपती राजवट, विषयांच्या तीन याद्या (केंद्राची, राज्यांची आणि दोघांची सामायिक), यांची मुळं तिथेच आहेत. ४ नोव्हेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी हा आरोप स्वतःहून घेतला आणि म्हणाले की उसनं घेण्यात लाजण्यासारखं काही नाही, घटनेच्या मूळ कल्पनांवर कुणाचं पेटंट नसतं, मला वाईट एवढंच वाटतं की १९३५ मधून घेतलेलं बहुतेक प्रशासनाच्या तपशिलाचं आहे. तपशील घटनेत का घातला याचं कारण पण दिलं, की लोकशाहीची सवय अजून मुरलेली नाही, तपशील कायदेमंडळावर सोडला तर घटनेचा शब्द तसाच ठेवून राज्यकारभाराची पद्धत बदलून तिचा आत्मा मारता येतो. मला हे वाक्य आजही कोर्टात उभं राहिल्यावर आठवतं. पण १९३५ च्या कायद्यात मूलभूत हक्क नव्हते, सगळ्यांना मत नव्हतं, अस्पृश्यता बंदी नव्हती. १७ वं कलम कुठल्या इंग्रजाकडून आणलं नाही, त्याच्यामागे महाडचं तळं आणि काळाराम मंदिर आहे. आणि गावाने स्वतःचा कारभार स्वतः करायची लेखी घटना आपल्या औंध संस्थानात १९३९ सालीच लागू झालेली होती, राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी स्वतःचे अधिकार सोडून, गांधीजींच्या सल्ल्याने. म्हणजे घटना म्हणजे काय हे आपल्याला १९४६ ला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता दुरुस्ती. मसुद्यात ते कलम ३०४ होतं, आता ३६८. त्यावर १७ सप्टेंबर १९४९ ला चर्चा झाली आणि त्या दिवशीचं कामकाज माझ्या मते सगळ्या घटना समितीतल्या सर्वात महत्त्वाच्या पण सर्वात कमी वाचल्या गेलेल्या कामकाजांपैकी आहे. काही जणांचं म्हणणं दुरुस्ती सोपी हवी, कारण ही समिती प्रौढ मतदानाने आलेली नाही, उद्याच्या निवडून आलेल्या संसदेला आपण का बांधायचं. नेहरू पण ८ नोव्हेंबर १९४८ ला बोलून गेले होते की घटनांना कायमपणा नसतो, लवचिकता हवी. आणि अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख, ज्यांना आपण शिक्षण आणि शेतीसाठी ओळखतो, त्यांनी एक नवं कलम सुचवलं की माणसाचे हक्क कमी करणारी कुठलीही घटनादुरुस्ती करताच येऊ नये, केली तर ती बाद समजावी. समितीने ती सूचना घेतली नाही. हे लक्षात ठेव, कारण २४ वर्षांनी सुप्रीम कोर्टात १३ न्यायमूर्ती महिनोनमहिने याच प्रश्नावर बसले आणि तिथे सरकार पक्षाचा एक मुद्दा हाच होता की ही सूचना तेव्हा नाकारली गेली होती.

मग ठरलं काय? तीन वाटा ठेवल्या. पहिली अगदी सोपी, साध्या बहुमताची, तिला घटनादुरुस्ती म्हणतच नाहीत. नवं राज्य करणं, सीमा बदलणं हे कलम ३ खाली साध्या कायद्याने होतं, आपलं महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला आलं ते मुंबई पुनर्रचना कायद्याने, इतके हुतात्मे झाले पण कागदावर लागला साधा कायदा. दुसरी वाट विशेष बहुमताची, दोन्ही सभागृहांत वेगवेगळं, एकूण सभासदसंख्येच्या निम्म्याहून जास्त आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश. तिसरी वाट म्हणजे हे सगळं करून वर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी, राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र राज्य अधिकार, हायकोर्ट सुप्रीम कोर्ट, याद्या, आणि ३६८ कलम स्वतः, अशा गोष्टींना. जनमत नाही, दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक पण नाही.

आता दोन तृतीयांश म्हणजे काय याचं एक उदाहरण देतो, ते पाठ करायची गरज नाही, एकदा ऐकलं की विसरणार नाहीस. १९७० साली संस्थानिकांचे तनखे बंद करायचं विधेयक लोकसभेत पास झालं आणि राज्यसभेत मतदान झालं, १४९ बाजूने आणि ७५ विरोधात. एकूण २२४, त्याचे दोन तृतीयांश १४९.३३. एका मताचा तिसरा हिस्सा कमी पडला आणि घटनादुरुस्ती पडली. बाजूची मतं जवळजवळ दुप्पट होती तरी पडली. पुढे १९७१ मधे नवी लोकसभा आल्यावर २६ वी दुरुस्ती होऊन तनखे गेले ते गेलेच.

आणि तिसरी वाट विसरली तर काय होतं ते आपल्या महाराष्ट्राला चांगलं माहीत असायला हवं. ९७ वी दुरुस्ती, सहकाराची. १५ फेब्रुवारी २०१२ पासून लागू. त्यासाठी आपण २०१३ मधे १९६० चा सहकार कायदा बदलला, निवडणूक प्राधिकरण आणलं, हाउसिंग सोसायटीपासून साखर कारखान्यापर्यंत सगळ्यांच्या निवडणुका त्याच्याकडे गेल्या, संचालकांची संख्या २१ वर आली. आणि सहकारी संस्था हा विषय तर राज्य यादीत, ३२ वी नोंद. म्हणजे राज्यांची मंजुरी हवी होती, ती घेतलीच नाही. गुजरात हायकोर्टाने २०१३ मधे ती बाद केली आणि २० जुलै २०२१ ला सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एकने ते कायम ठेवलं, फक्त बहुराज्यीय संस्थांपुरतं राहू दिलं. हेतू वाईट होता असं कोणी म्हणालं नाही, सहकारात शिस्त यायला हवी होती हे मी पण म्हणेन, पण ज्याचं घर त्याला न विचारता भिंत पाडता येत नाही. प्रोसिजर म्हणजे वकिलांचा किस काढण्याचा उद्योग असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जजमेंट वाचावं.

आता त्या रिकाम्या कलमाकडे. घटना लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं आणि १८ जून १९५१ ला पहिली दुरुस्ती झाली. कोणी केली? ज्यांनी घटना लिहिली त्यांनीच, कारण पहिली निवडणूक व्हायची होती आणि तोपर्यंत हंगामी संसद म्हणून घटना समितीचेच लोक बसले होते. कारणं तीन होती. मद्रासच्या चंपकम दोराईराजन केसमधे जातनिहाय जागांची व्यवस्था रद्द झाली, म्हणून १५(४) आलं, ज्याच्यावर आज कॉलेज प्रवेशाचं आरक्षण उभं आहे. वर्तमानपत्रांवरच्या बंधनांच्या केसेस सरकार हरलं, म्हणून १९(२) रुंद केलं, पण त्याच वेळी "वाजवी" बंधनं हा शब्द पण घातला. आणि पाटणा हायकोर्टाने बिहारचा जमीनदारी निर्मूलन कायदा रद्द केला, म्हणून ३१-ए, ३१-बी आणि नववं परिशिष्ट आलं, की यात टाकलेला कायदा मूलभूत हक्कांच्या मुद्द्यावर कोर्टात पाडता येणार नाही.

त्या परिशिष्टात पहिल्यांदा १३ कायदे होते. यादी काढून बघ. दुसऱ्याच नंबरवर मुंबईचा १९४८ चा कूळकायदा आहे. खाली खोती (गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताची कुळांवरची सत्ता) निर्मूलनाचा कायदा आहे, परगणा आणि कुलकर्णी वतनाचा आहे. कोकणातला माणूस असशील तर खोती म्हणजे काय हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचार. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या असेंब्लीत खोती नष्ट करायचं विधेयक आणलं होतं, १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत काढला होता. म्हणजे पहिल्या घटनादुरुस्तीला "सरकारने हक्क कापले" एवढंच म्हणणं मला पटत नाही, पण विचारस्वातंत्र्याच्या बाबतीत तेव्हा संसदेत जे विरोधात बोलले त्यांचं म्हणणं पण हलकं नव्हतं. एकाच दुरुस्तीत कुळाला जमीन मिळाली आणि संपादकाच्या हातातला कागद थोडा काढून घेतला गेला. म्हणून आकडा मोजून काही कळत नाही असं मी म्हणतो, प्रत्येक दुरुस्तीला विचारायचं की हिने कुणाच्या हातातलं काढून कुणाच्या हातात दिलं.

पुढे त्या परिशिष्टाची सवय लागली. तेरावरून ते २८४ पर्यंत गेलं आणि त्यात जमिनीशी काही संबंध नसलेले कायदे पण कोंबले गेले. मालमत्तेच्या हक्कावरून कोर्ट आणि संसद यांची रस्सीखेच चालूच राहिली, कोर्टाने भरपाई पुरेशी हवी म्हटलं की संसदेने दुरुस्ती करायची. १९६४ मधे सज्जनसिंग केसमधे न्या. हिदायतुल्ला आणि न्या. ज. र. मुधोळकर या दोघांनी शंका काढली, आणि विदर्भातल्या या मुधोळकरांनी तेव्हाच विचारलं की घटनेची मूलभूत वैशिष्ट्यं बदलणं ही दुरुस्ती म्हणायची की घटनेचा काही भाग नव्याने लिहिणं. पाकिस्तानच्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालाचा त्यांनी आधार घेतला होता. मूलभूत चौकटीचं, म्हणजे घटनेचा गाभा संसदेला मोडता येत नाही या तत्त्वाचं, बी आपल्याकडे पडलं ते तिथे. १९६७ मधे गोलकनाथ, सहा विरुद्ध पाच, मूलभूत हक्कांना संसदेने हातच लावायचा नाही. संसदेने १९७१ मधे २४ वी दुरुस्ती करून उत्तर दिलं की लावता येतो, आणि राष्ट्रपतींनी संमती दिलीच पाहिजे. आणि मग केशवानंद भारती, केरळमधल्या एका मठाच्या स्वामींनी केरळ सरकारविरुद्ध केलेली केस.

यावर इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात सांगतो. १३ न्यायमूर्ती, ६८ दिवस सुनावणी, २४ एप्रिल १९७३ ला निकाल, सात विरुद्ध सहा. संसद घटनेतलं कुठलंही कलम बदलू शकते, मूलभूत हक्कांचं सुद्धा, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. एका बाजूला मुंबईचे नानी पालखीवाला, दुसऱ्या बाजूला केरळ सरकारतर्फे मुंबईचेच, तेव्हाचे महाराष्ट्राचे अ‍ॅडव्होकेट जनरल होमी सीरवाई. आपल्याकडचे दोन न्यायमूर्ती, न्या. पाळेकर आणि न्या. यशवंतराव चंद्रचूड, दोघेही अल्पमतात, म्हणजे संसदेवर मर्यादा नाही असं म्हणणारे. निर्णायक मत न्या. खन्नांचं. दुसऱ्याच दिवशी बहुमतातल्या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अल्पमतातले न्या. रे यांचं नाव सरन्यायाधीश म्हणून जाहीर झालं.

आता खरी परीक्षा पुढे झाली. आणीबाणी लागली, ऑगस्ट १९७५ मधे ३९ वी दुरुस्ती आली की पंतप्रधानांच्या निवडणुकीची केस कोर्टाने ऐकायचीच नाही. म्हणजे इंदिरा गांधींची चालू असलेली केस घटना बदलून जिंकायची. ७ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टाने तो भाग मूलभूत चौकटीच्या आधारे पाडला, आणि पाडणाऱ्यांमधे दोनच वर्षांपूर्वी विरोधात गेलेले चंद्रचूड पण होते. मग १९७६ मधे ४२ वी, ५९ कलमांची, लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं, उद्देशिकेत समाजवादी आणि धर्मनिरपेक्ष हे शब्द, मूलभूत कर्तव्यं, आणि ३६८ मधे (४) आणि (५) अशी दोन उपकलमं की घटनादुरुस्तीला कुठल्याही कोर्टात आव्हान देता येणार नाही आणि संसदेच्या या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही. विरोधी पक्षाचे कितीतरी खासदार तेव्हा तुरुंगात होते. ज्यांना घटना म्हणजे वकिलांचा विषय वाटतो त्यांनी त्या काळात तुरुंगात गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन विचारावं, प्रत्येक जिल्ह्यात असं घर सापडेल.

१९७८ ची ४४ वी दुरुस्ती याच्यावरचा उतारा होती. लोकसभा परत पाच वर्षांची, आणीबाणीसाठी "अंतर्गत अशांतता" हे कारण काढून "सशस्त्र बंड" घातलं, आणि कलम २० आणि २१ आणीबाणीत सुद्धा गोठवता येणार नाहीत असं लिहून टाकलं. कारण १९७६ मधे सुप्रीम कोर्टानेच म्हटलं होतं की आणीबाणीत बेकायदा डांबलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येत नाही, एकटे न्या. खन्ना विरोधात. त्याच ४४ व्या दुरुस्तीत कलम ३१ गेलं आणि २० जून १९७९ पासून माझ्या अशिलाचा मूलभूत हक्क साधा घटनात्मक हक्क झाला. म्हणजे बघ, ज्या दुरुस्तीला मी सर्वात जास्त मानतो तीच माझ्या पाझर तलाववाल्याच्या विरोधात जाते. बड्या जमीनदारांशी लढताना केलेली सोय पुढे अल्पभूधारकाला भोवली, हे मी पुस्तकात नाही वाचलं, रेफरन्स कोर्टात, म्हणजे वाढीव मोबदल्याच्या केसेस चालतात तिथे, उभं राहून शिकलो.

शेवटी ३१ जुलै १९८० ला मिनर्व्हा मिल्स केसमधे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्याच खंडपीठाने ३६८ मधली ती दोन उपकलमं रद्द केली. संसदेला अधिकार घटनेने दिलाय तो मर्यादित, त्या मर्यादित अधिकाराचा वापर करून स्वतःला अमर्याद करून घेता येत नाही, आणि ही मर्यादाच चौकटीचा भाग आहे. हा माझ्या मते तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचा नेमका कायदेशीर जबाब. सीरवाई, जे केशवानंदमधे विरुद्ध बाजूने लढले, त्यांनी पण आणीबाणी पाहिल्यावर आपलं मत बदललं आणि तसं लिहिलं.

मग पुढे? १९८० मधेच वामनराव केस, आपल्या महाराष्ट्राच्या सीलिंग (कमाल जमीनधारणा) कायद्यावरची, त्यात ठरलं की २४ एप्रिल १९७३ नंतर नवव्या परिशिष्टात टाकलेले कायदे तपासता येतील. २००७ मधे नऊ न्यायमूर्तींनी ते आणखी पक्कं केलं. २०१५ मधे न्यायाधीश निवडीच्या आयोगाची ९९ वी दुरुस्ती चार विरुद्ध एकने पडली, आणि या निकालाबद्दल माझं स्वतःचं मत अजून अस्वस्थ आहे, कारण तिथे कोर्ट स्वतःच्याच अधिकाराचा निवाडा करत होतं. मूलभूत चौकटीत नेमकं काय येतं याची यादी कुठेच नाही, कोर्ट केस येईल तसं सांगतं, हा तिच्यातला खरा कच्चा दुवा आहे आणि टीका करणाऱ्यांचं एवढं म्हणणं बरोबर आहे.

चांगल्या दुरुस्त्या पण सांगायला हव्यात, नाहीतर वाटेल की सगळी मारामारीच. ७३ वी आणि ७४ वी, १९९३ पासून लागू, पंचायत आणि नगरपालिकांच्या निवडणुका दर पाच वर्षांनी बंधनकारक, बायकांना किमान एक तृतीयांश जागा, महाराष्ट्राने त्या २०११ मधे निम्म्या केल्या. त्याआधी आपल्याकडे निवडणुका वर्षानुवर्षं पुढे ढकलल्या जायच्या. (अलीकडे महापालिकांच्या निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्या तेव्हा घटनेत लिहिलेलं असूनही ते थांबवता आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.) ५६ व्या दुरुस्तीने १९८७ मधे गोवा राज्य झालं तेव्हा त्याच्या विधानसभेची तजवीज केली.

आणि १०२ वी आणि १०५ वी तर तुझ्या परीक्षेत नक्की येणार. २०१८ च्या १०२ व्या दुरुस्तीने मागास वर्गांच्या यादीबद्दलचं ३४२-ए आलं, ५ मे २०२१ ला मराठा आरक्षणाच्या निकालात सुप्रीम कोर्टाने तीन विरुद्ध दोनने अर्थ लावला की मागास वर्ग ठरवायचा राज्यांचा अधिकारच गेला. आरक्षण पडायचं मुख्य कारण ५० टक्क्यांची मर्यादा हे होतं, लोक दोन्ही मुद्दे एकत्र कालवतात, तू कालवू नकोस. निकालानंतर साधारण तीन महिन्यांनी, ऑगस्ट २०२१ मधे, १०५ वी दुरुस्ती होऊन राज्यांचा अधिकार परत आला. संसदेने स्वतःच लिहिलेलं वाक्य दुरुस्त करायला पुढची घटनादुरुस्ती लागली. १०६ मधल्या कितीतरी दुरुस्त्या अशाच आहेत, आरक्षणाची मुदत दहा वर्षांनी वाढवणं, एखादी भाषा आठव्या परिशिष्टात घालणं, प्रदेश जोडणं. १९६२ मधे गोवा, दमण आणि दीव भारताच्या नकाशात लिहायला १२ वी लागली.

तर सगळीच बदलता येईल का? कोर्टाच्या निकालांप्रमाणे नाही. पण निकाल देणारी माणसं असतात, तेरा न्यायमूर्तींमधे फरक एका मताचा होता, आणि नोव्हेंबर १९७५ मधे तो निकाल परत उघडायला तेराजणांचं खंडपीठ बसलं सुद्धा होतं, दोन दिवस ऐकून विसर्जित झालं. म्हणून मी विद्यार्थ्यांना "काळजी नको, कोर्ट आहे" असं कधी सांगत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी तेच सांगितलं होतं, घटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरते.

वाचायचं कुठून, तर गाईड बाजूला ठेव आणि बेअर अ‍ॅक्ट घे, अलीकडची आवृत्ती, आणि तळटीपा वाच. प्रत्येक चौकटी कंसाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं कुठल्या दुरुस्तीने, कुठल्या तारखेपासून. ३६८ काढ. (४) आणि (५) अजून तिथे छापलेली दिसतील, शब्द न शब्द, आणि खाली टीप असेल की सुप्रीम कोर्टाने ही अवैध ठरवली आहेत. मग १७ सप्टेंबर १९४९ चं कामकाज काढ, ते फुकट मिळतं, आणि त्यात पंजाबरावांची सूचना शोध. दोन्ही शेजारी ठेवून वाच, आणि अडलं तर शनिवारी दुपारी मी कॉलेजात असतो.